हिशेबातलं मूल

शिवणवाल्या मावशींनी विचारलं तेव्हा सभा खरं तर संपलीच होती. लोक खुर्च्या मागे सारून उठत होते, कुणीतरी पंखा बंदही करून टाकला होता, आणि मातीवाला भिंतीवरचा नकाशा उतरवायला हात वर करून उभा होता. माती कुठवर खणली, कुठे नेऊन टाकली, तिच्या जागी कुठून आणली, मध्ये काय अंथरलं, खालचं वर येणार नाही कशावरून, असे सगळे प्रश्न होऊन गेले होते. सगळ्यांची उत्तरं त्याने शाळेतल्या कवितेसारखी घडाघडा दिली होती. मावशी जागच्या उठल्या नाहीत. मांडीवरच्या पिशवीचे बंद आवळत त्या म्हणाल्या, "ते सगळं ठीक आहे रे. तू तुझ्या नातीला बसवशील का तिथं?"

"बसवीन की," तो म्हणाला. लगेच म्हणाला, इतक्या लगेच की त्याचं त्यालाच खटकलं. नकाशाची एक टाचणी बोटांतून निसटून खाली गेली, आणि ती शोधायच्या निमित्ताने त्याला वाकता आलं याचं त्याला बरं वाटलं. मावशींनी आणखी काही विचारलं नाही. बाईने जन्मभर लोकांची मापं घेतली होती; अंगरखा काखेत आवळतोय हे गिऱ्हाइकाने सांगायच्या आधी त्यांना कळत असे. त्यांनी मान हलवली, पिशवी खांद्याला लावली, खुर्चीवर अंथरलेलं आपलं बसकर उचलून घडी घातलं आणि त्या गेल्या. ही बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्याच्या गोदामातली जुनी खोली होती. इथेच एके काळी रंगाचे डबे पेट्यांत भरले जात, आणि मातीवाल्याचे वडील त्या पेट्यांना खिळे मारत. आता भिंती खरवडून, धुऊन, नव्याने रंगवल्या होत्या, कोपऱ्यात वाचनालयाची कपाटं येऊन पडली होती आणि खिडक्यांतून बाहेरची हिरवळ दिसत होती. येत्या रविवारी फाटक कायमचं उघडायचं होतं. टाचणी त्याला सापडली, पण नकाशा गुंडाळून होईपर्यंत ते ‘बसवीन की’ त्याच्या कानात बुटातल्या खड्यासारखं टोचत राहिलं.

घरी तो चालतच निघाला. वस्तीत त्याला मातीवाला म्हणतात ते काही टिंगलीने नाही. त्याचं कामच ते आहे. पालिकेच्या प्रयोगशाळेतर्फे तो जुन्या कारखान्यांच्या, गोदामांच्या, डेपोंच्या जागी जातो, हातमोजे चढवतो, पोलादी गिरमिट जमिनीत पिळून उतरवतो, वर आलेली माती पिशवीत घालतो, पिशवीवर चिठ्ठी लावतो, गिरमिट पुसून धुऊन पुढच्या खड्ड्याकडे वळतो. एका खड्ड्याचं दुसऱ्याला लागता कामा नये, हा त्या कामातला पहिला आणि शेवटचा धर्म. हयात मातीत गेली, पण उघड्या हाताने तिला शिवल्याचं त्याला आठवत नव्हतं. बायको त्यावरून त्याला छेडायची. घरोघरी मातीच्या चुली असतात म्हणे, आणि आमच्या घरात मातीवाला असून एक कुंडी नाही. कुंडी ठेवायला त्याची ना नव्हती, पण बाजारातून माती आणली की तो तिच्याकडे असा बघायचा की झाडालाच अवघडल्यासारखं व्हावं. शेवटी बायकोने नाद सोडला. आणि आता हाच माणूस सगळ्या वस्तीला सांगत होता की या, बसा, लोळा, मुलं आणा. आकडे चांगले होते. आकडे खरंच चांगले होते. पण चांगला आकडा म्हणजे शून्य नव्हे, आणि शून्य त्याच्या धंद्यात कुठेच नसतं, डोंगरावर नसतं, शेतात नसतं, देवाच्या दारीही नसतं. हे तो कुणापासून लपवत नव्हता. लोकांना त्याने ते नीट समजावून सांगितलं होतं, लोकांनी मानाही डोलावल्या होत्या. समजावून सांगता येत नव्हतं ते एकट्या स्वतःला.

जमीन स्वच्छ झाली हे ठरवायला एक मूल लागतं. खरं नव्हे, हिशेबातलं. हे मूल रोज त्या जमिनीवर खेळतं. हात धुवायचा त्याला कंटाळा आहे. बोटं तोंडात घालतं, पडलेला खाऊ उचलून खातं, आणि आज थोडी उद्या थोडी करत चिमूट चिमूट माती पोटात घालतं. असं बरीच वर्षं करूनही त्याला काही होऊ नये, इतकी माती स्वच्छ पाहिजे. शिकत असताना मास्तरांनी फळ्यावर त्या मुलाचं वजन लिहिलं होतं, वय लिहिलं होतं, आणि वर्गातली पोरं मुकाट्याने उतरवून घेत होती. एकाने तर विचारलंही होतं की इतकं अडाणी मूल कुठल्या घरात असतं. वर्ग हसला होता. तो हसला नव्हता. त्या मुलाला तो ओळखत होता. त्याचं नाक सदा वाहायचं, ते याचेच आखूड झालेले सदरे घालायचं आणि रात्री याच्या पाठीला पाठ लावून झोपायचं. फळ्यावर त्याला नाव नव्हतं, पण वस्तीत त्याला सगळे धाकटा म्हणत. अजूनही म्हणतात.

धाकट्याचे केस आता पांढरे झाले आहेत. सकाळी तो मावशींच्या दुकानात जातो, उंच स्टुलावर बसतो आणि बटणं वेगळी करतो. काळी एका बरणीत, तपकिरी दुसऱ्या. पांढऱ्यांचा मात्र त्याच्याकडून घोळ होतो, कारण मोतिया, दुधी आणि शुभ्र यांत फरक करायचं त्याला प्रयोजनच वाटत नाही, आणि मावशीही आता त्यावर काही बोलत नाहीत. आकडे त्याच्याकडे टिकत नाहीत, माणसं टिकतात. कुणाचा मुलगा परगावी आहे, कुणाचा गुडघा दुखतो, हे तो विसरत नाही. पायरीवरून उतरताना त्याला हात लागतो, बोलताना मधेच शब्द हरवतो आणि मग तो शब्द सापडेपर्यंत समोरच्याची बाही धरून उभा राहतो. मातीवाला दारात आला तेव्हा तो जेवणाच्या टेबलाशी बसून वाट बघत होता. "दादा, रविवारी ठमी येणार," त्याने सांगितलं. म्हणजे लेकीचा फोन येऊन गेला होता. बायकोने आतून दुजोरा दिला. लेक येतेय, ठमीला घेऊन, दिवसभर आहे, आणि विचारत होती की कारखान्याच्या मैदानात न्यायचं ना तिला. "मी म्हटलं, तुझ्या बाबांनाच विचार. जमिनीचं खातं त्यांच्याकडे."

लेकीला त्याने फोन केला आणि इकडचं तिकडचं खूप बोलला. ठमीला दात आले का, रांगते की आता धरून उभी राहते, गाडी कितीची मिळतेय. लेकीने शेवटी सरळच विचारलं. तो म्हणाला, बघू, ऊन किती असेल त्यावर ठरवू. फोन ठेवल्यावर बायको दारात उभी होती. ती चिडली नव्हती, हसतही नव्हती. म्हणाली, "अहो, तुम्ही आचारी असता तर पंगत जेवायला बसवून स्वतः उपाशी झोपला असता." दुधाने तोंड भाजलं की माणूस ताकही फुंकून पितो, असं म्हणतात. पण इथे तोंड भाजलं होतं धाकट्याचं, आणि फुंकत बसला होता हा.

तेव्हा कारखाना चालू होता आणि वस्तीतल्या प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी तिथे कामाला होतं. रंगात घालायचा सफेदा तिथे दळला जाई, शिशापासून केलेला, पिठासारखा मऊ. वडील संध्याकाळी घरी येत ते गिरणीतून आल्यासारखे. भुवया पांढऱ्या, कानाच्या पाळ्या पांढऱ्या, आणि आई हसून म्हणे, आलं माझं म्हातारं. सफेदा सगळीकडे बसे. खिडकीच्या फळीवर, ओट्यावर, दोरीवरच्या कपड्यांवर, अंगणातल्या मातीत. कुणाला त्याची भीती नव्हती. उलट पांढरं म्हणजे स्वच्छ असंच वाटायचं. मुलं बोट ओलं करून फळीवर फिरवायची आणि चाटायची, कारण तो गोड लागे. साखरेसारखा नव्हे. सगळ्यात मागून, जिभेच्या कडेला उमटणारा, पातळसा गोडवा. ती चव त्याला अजून आठवते. त्यानेही चाटलं होतं. हीच त्याच्या मनातली जुनी, न मिटलेली गाठ होती. फळी तीच, बोटं तशीच, गोडवाही तोच, आणि तरी एक जण फळ्यासमोर जाऊन बसला आणि दुसरा बटणांसमोर. डॉक्टरांनी पुढे त्याचं कारणही सांगितलं होतं. मोठा शाळेत जायला लागला होता, दिवसभर वस्तीबाहेर असे. धाकटा रांगत होता. रांगणाऱ्या मुलाचं सगळं जग जमिनीवरच असतं. कारण कळलं म्हणून गाठ सुटते असं थोडंच आहे.

धाकटा अंगणातली मातीच खायचा. आई स्वयंपाकघरातून धावत येई, एका हाताने त्याचे गाल दाबून दुसऱ्या हाताचं बोट आकड्यासारखं वाकवून त्याच्या तोंडात घाली आणि गोलगोल फिरवी. "थुंक. थुंक म्हणते ना." तो थुंकायचा नाही, हसायचा. "गोड," तो म्हणायचा. त्याला बोलता येऊ लागलं तेव्हाचा हा बहुधा पहिलाच शब्द असेल, आणि पुढे बाकीचे शब्द यायला इतका उशीर लागला की आईला तो एकच शब्द पुन्हा पुन्हा ऐकावा लागला. मग डॉक्टर आले, घराघरातल्या मुलांचं रक्त घेतलं गेलं, त्यात शिसं निघालं, आणि एका दिवसात वस्तीच्या पायाखालची जमीन सरकली. कारखाना बंद व्हायला पुढे बरीच वर्षं गेली, पण मुलांचे पाय त्या दिवसापासून मातीला लागले नाहीत. मुलं भिंतीवर खेळू लागली, ओट्यांवर, जिन्यांवर, गच्चीवर. शिवाशिवी कुंपणाच्या भिंतीवरून चाले, आणि जमिनीवर पडला तो मेला. प्रत्येक घराने जाड कापडाची बसकरं शिवली, आणि जो तो आपलं बसकर काखेत मारून शाळेत, दवाखान्यात, सभेला जाऊ लागला. बाहेरची मुलं चिडवायची, आले बसकरवाले. पुढे चिडवणारे मोठे झाले, कारखाना गंजून पडला, खुर्च्या आल्या, फरश्या आल्या, पण वस्तीतल्या माणसाच्या पिशवीत बसकर राहिलंच. खुर्चीवरही ते अंथरतात. विचारलं तर सांगतात, सवय. आई तर शेवटच्या आजारात डोळे मिटून पडलेली असताना पांघरुणावरून तळहात फिरवत राही. धूळ झाडत राही, जी तिथे नव्हती.

मधल्या दिवसांत मातीवाल्याने एक गोष्ट केली आणि ती कुणाला सांगितली नाही. दुपारच्या सुट्टीत तो गिरमिट घेऊन मैदानावर गेला. माळ्यांनी नुकतीच रोपं लावली होती, त्यांच्या आळ्यांतली माती भुसभुशीत होती. त्याने तिथली घेतली, गवताखालची घेतली, फाटकाजवळची घेतली, पिशव्या भरल्या आणि प्रयोगशाळेत नेऊन दिल्या. यंत्रावर बसणारी मुलगी त्याला नीट ओळखून होती. तिने पिशव्या पाहिल्या, चिठ्ठ्या पाहिल्या आणि कपाळाला हात लावला. सर, माती तीच, यंत्र तेच, मी तीच, आता उत्तर दुसरं कुठून आणू, असं तिचं म्हणणं. तरी तिने करून दिलं, आणि उत्तर तेच आलं. डोंगरावरच्या रानात सापडेल तितकंच, किंबहुना थोडं कमी. त्याने कागद घडी करून खिशात घातला आणि क्षणभर त्याला मोकळं वाटलं. बसस्टॉपवर पोचेपर्यंत मन म्हणालं, पण तू तिथलीच माती घेतलीस. जिथली घेतली नाहीस तिथलं काय? मन चिंती ते वैरी न चिंती. पुऱ्या मैदानाची माती पिशव्यांत भरून आणली असती, तरी मग ते पिशव्यांच्या कापडाबद्दल विचारत बसलं असतं. त्याच्या तेव्हाच लक्षात आलं की आता यंत्राचं काम संपलं आहे. आता जे उरलं होतं त्याला गिरमिट लावता येत नव्हतं.

रविवारी ऊन कोवळंच होतं, त्यामुळे ती सबबही गेली. फाटक उघडं होतं. पालिकेच्या मुख्यांनी थोडक्यात भाषण केलं आणि कात्री मावशींच्या हातात दिली, ती मावशींनी बरोबर धरली आणि फीत अशी सरळ कापली की आपोआप टाळ्या पडल्या. मग लोक आत शिरले. आत येत राहिले, येत राहिले, आणि थोड्या वेळाने सगळी वस्ती आत होती आणि हिरवळ मात्र जशीच्या तशी रिकामी होती. मैदानाभोवती सिमेंटची रुंद वाट होती. सगळे त्या वाटेवर होते. म्हातारे वाटेवर, बाया वाटेवर, तरुण पोरं वाटेवर, तान्ह्यांच्या गाड्या वाटेवर. काहींनी बसकरं काढून वाटेवरच अंथरली होती आणि तिथून ते हिरवळीकडे तळ्याकडे बघावं तसं बघत होते. छान झालंय हं, असं एकमेकांना म्हणत होते, आणि मनापासून म्हणत होते.

बागेची आखणी करणारी मुलगी परक्या गावची होती. दोन वर्षं ती या कामात मान मोडून राबली होती, आणि आता तिचा चेहरा पडला होता. ती मातीवाल्यापाशी आली आणि हळू आवाजात म्हणाली की यांना गवत आवडलं नाही का. सगळं तर तिने यांना विचारूनच केलं होतं. सुरुवातीच्या बैठकीत काय हवं म्हणून तिने विचारलं तेव्हा म्हातारे-तरुण एका सुरात म्हणाले होते, वाट रुंद हवी. चांगली रुंद, सिमेंटची, पूर्ण फेरी घालणारी. तिला आनंद झाला होता. लोकांना सकाळ-संध्याकाळ फिरायचं आहे, असं तिने धरलं. तिने रुंद दिली, तर ते म्हणाले आणखी रुंद. दुसऱ्या कुठल्या वस्तीने वाट मागितली असती ती चालायला. यांनी मागितली होती ती जमिनीवर उतरावं लागू नये म्हणून, आणि गंमत म्हणजे हे मागणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांना खरंच वाटत होतं की आपल्याला रुंद वाटा आवडतात. मातीवाला हे तिला समजावून सांगणार होता. त्याने त्यासाठी तोंडही उघडलं, आणि सहज त्याची नजर स्वतःच्या बुटांकडे गेली. ते सिमेंटवर होते. सकाळपासून तो तिथेच उभा होता. शेजारी धाकटा, काखेत बसकर मारून.

तेवढ्यात लेक आली. ठमी तिच्या कडेवर होती, दोन्ही हात हवेत, आणि तिचं सगळं अंग खाली त्या हिरव्याकडे झुकत होतं. लेकीला त्याने लहानपणीच आजोळी ठेवलं होतं, ती या वस्तीत वाढलेली नव्हती; ती सरळ चालत आत गेली असती. पण वडील वाटेवर उभे दिसले म्हणून तीही वाटेवर थांबली. "बाबा?" एवढंच ती म्हणाली. कुणी मुद्दाम बघत नव्हतं, सगळे बघत होते. मावशी बाकावर बसल्या होत्या आणि त्यांनी त्याला काहीही आठवण करून दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं, म्हणजे त्याला निदान रागावता तरी आलं असतं.

त्याने वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या. मोजे काढले, बुटात कोंबले, बूट वाटेच्या कडेला जोडून ठेवले, आणि पाय खाली टाकला. गवत थंड होतं. ओलं होतं, त्याला टोकं होती, आणि खाली माती दबत होती, हेही त्याला जणू आयुष्यात पहिल्यांदाच कळत होतं; साठीला टेकलेल्या माणसाचे तळवे, पण अक्कल तान्ह्या मुलाच्या तळव्यांइतकी. गुदगुल्या झाल्या. हसू येईल की रडू येईल याचा नेम राहिला नाही म्हणून तो चारदोन पावलं घाईने आत गेला आणि गुडघे कुरकुरवत खाली बसला. बसकर नव्हतंच जवळ. पँटीला ओल लागली. आईने पाहिलं असतं तर, असं काहीसं मनात येऊन गेलं, आणि त्याने हात पुढे केले. लेकीने ठमीला त्याच्या हातांत दिलं. त्याने तिला समोर गवतावर ठेवलं आणि हात सोडले.

ठमीने आधी गवताला थापट्या मारल्या. मग दोन पाती उपटली, ती कुणाची आहेत हे विचारल्यासारखं सगळ्यांकडे बघितलं आणि टाकून दिली. आणि मग ती रांगायला लागली, तडक, ज्या वेगाने फक्त नको तिकडे जाणारी मुलं रांगतात त्या वेगाने, आणि तो उठून पोचेपर्यंत एका रोपाच्या आळ्यापाशी बसून तिने मूठ भरली होती. मूठ तोंडाशी गेली. मागे लेक ओरडली, "बाबा, तोंडात घातली तिने!" वाटेवर कुठूनतरी, कुणा म्हातारीच्या गळ्यातून, आपोआप आलं, "थुंक, थुंक." मातीवाल्याचा डावा हात ठमीच्या गालांपाशी पोचला होता आणि उजव्या हाताचं बोट वाकलं होतं. तो त्या बोटाकडे बघत राहिला. बोट त्याचं नव्हतं. त्याची वाकण, त्याची घाई, नखाचं ते टोक खाली धरणं, सगळं आईचं होतं. इतकी वर्षं ते त्याच्या हातात जपून ठेवल्यासारखं राहिलं होतं आणि नेमकं आज बाहेर आलं होतं. आणि पुढ्यात हिशेबातलं मूल बसलं होतं. हात न धुतलेलं, अडाणी, तोंडात चिमूटभर माती धरलेलं. ते येणार होतं, हे त्याला आधीपासून माहीत होतं. त्याच्यासाठीच तर हे सगळं खणलं होतं.

त्याने बोट सरळ केलं. "राहू दे," तो लेकीला म्हणाला. आवाज आपला आपल्यालाच अनोळखी वाटला. "एवढी चिमूट धरलेलीच आहे तिच्या वाट्याची. ती धरूनच मोजलंय आपण."

ठमीने तोंड मिटलं, विचार केला, आणि मग तिच्या चेहऱ्यावर अशी काही वेडीवाकडी आठी पसरली की लेकीलाही हसू फुटलं. जीभ बाहेर आली. काळी लाळ हनुवटीवरून ओघळली. तिने थू केलं, पुन्हा थू केलं, आणि फसवणूक झाल्यासारखी ती आजोबांकडे बघून रागाने रडायला लागली. त्याने तिला उचलून रुमालाने तोंड पुसलं. तेव्हा त्याला जाणवलं की शेजारी कुणीतरी उभं आहे. धाकटा वाटेवरून उतरून आला होता. एकटा, कुणाचाही हात न धरता, बूट घालूनच. तो आळ्यापाशी उकिडवा बसला आणि त्या मातीकडे बघायला लागला. मग त्याने मान वर करून दादाकडे पाहिलं. शब्द हरवला होता, की विचारायची हिंमत होत नव्हती कुणास ठाऊक. पण पांढऱ्या केसांचा तो माणूस परवानगी मागत होता, हे त्या नजरेत अगदी स्पष्ट होतं. जन्मभर सगळ्यांनी त्याला नाही म्हटलं होतं, आणि प्रेमानेच म्हटलं होतं.

"चाख," मातीवाला म्हणाला.

धाकट्याने दोन बोटांत चिमूट घेतली, अगदी थोडी, मावशींच्या दुकानात बारीक बटण उचलतो तशी. जिभेवर ठेवली. डोळे मिटले. तो बराच वेळ तसाच बसून राहिला. वस्तीत ज्यांचे केस पिकले होते त्या प्रत्येकाने कधी ना कधी खिडकीच्या फळीवर ओलं बोट फिरवलेलं होतं, आणि तो कशाची वाट बघतोय हे त्यांना सांगावं लागणार नव्हतं. प्रयोगशाळेत चव हा पुरावा धरत नाहीत, आणि धरूही नये. धाकट्याने डोळे उघडले. बाजूला तोंड करून तो थुंकला, बाहीने ओठ पुसले आणि दादाची बाही धरली. शब्द त्याला लगेच सापडला.

"गोड नाही, दादा," तो म्हणाला. आणि मग वाटेकडे वळून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याने पुन्हा सांगितलं, "गोड नाही लागत आता."

मातीवाल्याने मान खाली घातली. ठमी अजून हुंदके देत होती आणि त्याचेही डोळे वाहत होते, त्यामुळे कोण कुणाला शांत करतंय हे लांबून कळलं नसतं. मग मावशी बाकावरून उठल्या. चपला काढून त्यांनी बाकाखाली सारल्या, पाय गवतावर टाकला, थोडं थांबून दुसरा टाकला, आणि गुडघ्यांवर हात ठेवत हळूहळू धाकट्यापाशी येऊन बसल्या. त्यांचं बसकर बाकावरच राहिलं होतं. ते आणून देऊ का, असं लेकीने त्यांना विचारलं. "असू दे ग," त्या म्हणाल्या आणि त्यांनी पाय लांब केले.